गूढ शब्दकोडे : उत्तर बसले, पण फोड बसत नाही, तेव्हा परीक्षणात काय लिहावे?

उभे-आडवे

नमस्कार.

वर्तमानपत्रातले इंग्रजी गूढ शब्दकोडे नेमाने सोडवणाऱ्यांचा आमचा एक लहानसा गट आहे. पुण्या-मुंबईचे काही जण, बंगळुरूचे एक जोडपे आणि इंग्लंडात लेस्टरला स्थायिक झालेले एक काका. बहुतेकांचे कोडे ‘द हिंदू’चे, काकांचे ‘गार्डियन’चे. वार वाटून घेतले आहेत. ज्याचा वार असेल त्याने त्या दिवशीच्या कोड्याचे परीक्षण लिहायचे, म्हणजे प्रत्येक शोधसूत्राची (क्लूची) फोड करून दाखवायची, सूत्रातल्या शब्दांतून उत्तर कसे निघते ते सांगायचे, आणि कोडे एकंदरीत कसे उतरले आहे ते सांगायचे. यंदा माझ्याही वाट्याला एक वार आला आहे आणि नुसते सोडवणे व परीक्षण लिहिणे यांत किती अंतर आहे, ते आता लक्षात येऊ लागले आहे.

सोडवताना आडव्या-उभ्या शब्दांतून दोन-तीन अक्षरे हाती लागली की उत्तर सुचते, ते सूत्रातल्या एखाद्या शब्दाशी अर्थाने जुळते आणि आपण पुढच्या सूत्राकडे वळतो. लिहायला बसल्यावर मात्र त्याच सूत्रातले उरलेले चार शब्द तिथे कशासाठी आले आहेत हे सांगता येत नाही. अशा वेळी ‘उत्तर अमुक, फोड समजली नाही’ एवढेच लिहून सोडून द्यावे का? दुसरे असे की, फोड समजूनही पटत नाही तेव्हा दोष कोडेकाराचा की आपल्या वाचनाचा, हे कोणत्या कसोटीवर ठरवायचे?

याला जोडूनच तिसरा प्रश्न आहे. गटातले काही जण हौसेने मराठी गूढ कोडी रचतात आणि त्यांचीही परीक्षणे आम्ही लिहितो. तिथे इंग्रजी कोड्यांचे नियम जसेच्या तसे लावावेत का, यावर दर वेळी वाद होतो. सध्या वादात असलेली तीन सूत्रे देतो. कंसातला आकडा अक्षरांचा आहे; काना-मात्रेसह एक अक्षर म्हणजे एक चौकट, जोडाक्षर असले तरी एकच.

एक मळकट पिशवी, आत फूल (३) : कमळ
नवरा बिथरला की माकड (३) : वानर
दिवस, मग हत्ती. पंढरीच्या वाटेवरचा (४) : वारकरी

पहिल्यात ‘पिशवी’ फुकटची आहे, दुसऱ्यात काना इकडचा तिकडे गेला आहे आणि तिसऱ्यात हत्तीला ‘करी’ कोण म्हणतो, असे तीन आक्षेप आहेत. अनुभवी मंडळींनी मत द्यावे ही विनंती.

अनुनासिक

फोड बसली नसेल तर तसे लिहावेच, पण ‘समजली नाही’ एवढ्यावर थांबू नये. सूत्रातले कोणते शब्द हिशेबात आले आणि कोणते शिल्लक राहिले, ते नेमके मांडावे. परीक्षणाचे काम उत्तरे पुरवण्याचे नाही. उत्तरे दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापून येतातच. सूत्रातल्या प्रत्येक शब्दाला तो तिथे का आहे हे विचारणे आणि ज्याला जबाब देता येत नाही त्याच्याकडे बोट दाखवणे, हे ते काम आहे. शिल्लक राहिलेला शब्द नेमका कोणता हे तुम्ही लिहिले की वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी तो धागा उचलतो. नुसते ‘कळले नाही’ लिहिले तर कोणालाच काही करता येत नाही.

माझ्याच रचनेतले एक सूत्र घेऊन दाखवतो.

बादशहाचे डोके उडवले, उरले थडगे (३)

‘क’ आणि ‘र’ आधी मिळाले असतील तर ‘थडगे’ या शब्दावरून ‘कबर’ लगेच सुचेल आणि सोडवणारा पुढे जाईल. परीक्षकाला मात्र ‘बादशहाचे डोके उडवले’ हा अर्धा भाग शिल्लक दिसला पाहिजे. मग तो उलट दिशेने जाईल. ‘कबर’च्या डोक्यावर कोणते अक्षर ठेवले की बादशहा होईल? अकबर. पहिले अक्षर उडवले, उरली कबर. व्याख्या (उत्तराचा सरळ अर्थ देणारा भाग) ‘थडगे’, क्रिया ‘डोके उडवले’, कच्चा माल ‘बादशहा’ आणि ‘उरले’ हा दोन भागांना जोडणारा दुवा. एकही शब्द वाया गेलेला नाही आणि वरवर वाचले तर इतिहासातली एक घटना वाटते. परीक्षणात हे सगळे दोन ओळींत मावते.

व्याख्या जवळजवळ नेहमी सूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, त्यामुळे फोड अडली की आपण व्याख्येची सीमा चुकीच्या ठिकाणी तर आखली नाही ना, हे आधी पाहावे. इंग्रजी कोड्यांत दुसरी अडचण ठरीव संक्षेपांची असते. ‘सेलर’ दिसला की ‘टार’ किंवा ‘ए. बी.’, बुद्धिबळातला घोडा म्हणजे ‘एन’, आणि ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल नसून जी ‘फ्लो’ करते ती, अर्थात नदी. हे पाठांतराचे काम आहे आणि त्यात आपल्याकडच्या माणसांना क्रिकेटचे संक्षेप आयते मिळतात : ‘मेडन’चा ‘एम’, ‘डक’ म्हणजे शून्य म्हणून ‘ओ’, आणि ‘लेग’ची बाजू म्हणजे ‘ऑन’. लंडनचे उपनगर आणि तिथल्या शाळा मात्र कष्टानेच लक्षात ठेवाव्या लागतात.

आता कसोटीचा प्रश्न. या बाबतीत ब्रिटिश परंपरेने बरेच काम करून ठेवले आहे. तिकडच्या ‘ऑब्झर्व्हर’ या वर्तमानपत्रात टॉर्कमाडा या कोडेकाराने १९२६ पासून गूढ कोडी रचली, पण त्यांच्या काळात व्याख्या आणि शब्दखेळ यांच्यातली शिस्त ठरलेली नव्हती. ‘अ‍ॅफ्रिट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कोडेकाराने १९४९ मध्ये एक तत्त्व सांगितले, त्याचा आशय असा : कोडेकाराला जे म्हणायचे आहे तसे सूत्र वरवर दिसले नाही तरी चालेल, पण जे म्हणायचे आहे ते त्याच्या शब्दांतून नेमके निघाले पाहिजे. टॉर्कमाडांनंतर ‘ऑब्झर्व्हर’ची गादी चालवणाऱ्या झिमेनीझ यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात हे नियम तपशिलाने बांधून दिले, आणि त्यांच्या मागून आलेल्या अ‍ॅझेड यांनी त्यांचे सार काढले : अचूक व्याख्या, शब्दखेळाचा न्याय्य निर्देश, आणि याखेरीज काहीही नाही.

तुमची तीन सूत्रे या ‘काहीही नाही’वर घासून पाहू.

‘एक मळकट पिशवी, आत फूल’ यात ‘एक मळकट’च्या पोटात ‘क-म-ळ’ दडले आहे, ‘पिशवी’ त्यात कुठेच भाग घेत नाही. ती केवळ वाक्य गोड दिसावे म्हणून आली आहे, म्हणून आक्षेप खरा आहे. दुरुस्ती अवघड नाही :

फाटक मळलेले, आत फूल (३)

‘फाटक मळलेले’ यात ‘क-म-ळ’ ओळीने येतात, दडलेला शब्द दोन्ही शब्दांना स्पर्श करतो आणि ‘आत’ ही खूण दोघांनाही लागू पडते. वाक्यही मराठीत सहज आहे. आडगावच्या एखाद्या देवळाचे असावे असे.

‘वारकरी’चे सूत्र मला निर्दोष वाटते. ‘करी’ म्हणजे हत्ती हे पंडित कवींच्या काव्यात वावरलेल्या वाचकाला नवे नाही, आणि शंका असेल तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८) किंवा मोल्सवर्थचा कोश काढून पाहावा. अपरिचित असणे हा दोष नव्हे. दोष तेव्हा होतो, जेव्हा उत्तरही अपरिचित असते आणि तिथे पोचण्याची वाटही अपरिचित असते. इथे उत्तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही पोराला माहीत असलेले आहे, म्हणून वाट थोडी आडवळणाची चालते. एरवी जो अवघड शब्द आहे त्याला सोपी फोड द्यावी, असा जुन्या कोडेकारांचा पायंडा आहे, आणि परीक्षकाने हे दोन्ही पारड्यांत टाकून पाहिल्याशिवाय ‘अन्याय’ हा शब्द उच्चारू नये. ‘अवघड’ आणि ‘अन्यायकारक’ हे दोन शिक्के वेगळे ठेवा. बहुतेक परीक्षणांतली भांडणे हे शिक्के एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

‘नवरा’च्या बाबतीत मी कडक बाजूला आहे. न, व, रा ही तीन अक्षरे उलथीपालथी केली तर रा-व-न किंवा व-न-रा मिळेल, वानर मिळत नाही. चौकटीत आपण ‘रा’ हे एक अक्षर मानतो, मग सूत्रात ते फोडून काना दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा अधिकार कोडेकाराला कोणी दिला?

रविवारची पुरवणी

अनुनासिक यांचे विवेचन आवडले, पण त्यांनी दाखवलेली वाट ही एक वाट आहे, एकमेव नाही, हे नव्या परीक्षकाला सांगायला हवे.

‘गार्डियन’मध्ये कोडेकाराचे टोपणनाव छापण्याची पद्धत १९७० मध्ये सुरू झाली. त्यामुळे सोडवणारा कोड्याला हात घालण्याआधीच समोर कोण बसले आहे हे जाणतो. तिथले अराउकारिया, म्हणजे धर्मोपदेशक जॉन ग्रॅहॅम, हे झिमेनीझच्या शिस्तीतले नव्हते. त्यांची सूत्रे सैल असत, व्याख्या कधी कधी नुसत्या हवेतून सुचवलेल्या असत आणि तरीही वाचकांचे त्यांच्यावर विलक्षण प्रेम होते. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी आपल्याला कर्करोग झाल्याचे वाचकांना कळवले तेही कोड्यातूनच, आणि रोगाचे नाव, अवयवाचे नाव व उपचाराचे स्वरूप ही सगळी त्या कोड्यातली उत्तरे होती. (अराउकारिया हे ‘मंकी पझल’ नावाच्या झाडाच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव आहे. माकडावरून वाद चाललेल्या धाग्यात हे सांगितल्याशिवाय राहवले नाही.) अशा माणसाच्या कोड्याचे परीक्षण करताना प्रत्येक जादा शब्दावर लाल खूण करत बसणारा परीक्षक बरोबर असूनही काही सांगत नाही. उलट लंडनच्या ‘टाइम्स’चे रोजचे कोडे १९३० पासून निनावी चालत आले आहे. तिथे कोडेकाराच्या लकबीचा आधार मिळत नाही, म्हणून शिस्त हाच करार. परीक्षणात आधी हा करार कोणता आहे ते ओळखावे आणि मग त्याच्याच मापाने मोजावे. आपल्याकडे ‘द हिंदू’मध्येही टोपणनावांची पद्धत आहे, त्यामुळे कोणाचे कोडे कोणत्या चालीचे हे नेमाने सोडवणाऱ्याला पंधरवड्यात उमजते.

‘पिशवी’वर माझे मत मवाळ आहे. ‘एक मळकट पिशवी’ हा पूर्ण शब्दसमूह एकच वस्तू आहे आणि तिच्या ‘आत’ कमळ आहे. मला यात लबाडी दिसत नाही. पण ‘फाटक मळलेले’ समोर आल्यावर कोणाचेही मत ‘फाटका’कडे झुकेल, हेही मान्य करतो.

खरा मुद्दा मराठीचा आहे आणि तो नियमांच्या पुस्तकात सापडणार नाही, कारण ती पुस्तके इंग्रजीसाठी लिहिली गेली. इंग्रजीत ‘आत’, ‘भोवती’, ‘उलट’ हे दाखवणारे शब्द सुटे असतात, त्यांच्या शेजारी बसलेल्या शब्दाला धक्का लागत नाही. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचे रूपच बदलते. ‘वाडा’ उलटा करून ‘डावा’ मिळवायचा असेल तर ‘उलट्या वाड्याची बाजू’ असे लिहिता येत नाही, कारण कागदावर ‘वाड्याची’ आहे आणि उलटायला ‘वाडा’ उरलेलाच नाही. म्हणून ‘वाडा उलटला, उजवा नाही (२)’ असे प्रथमेतच बोलावे लागते. नव्या मराठी कोडेकारांची निम्मी सूत्रे इथे घसरतात आणि परीक्षकांच्या ते लक्षातही येत नाही, कारण मराठी वाचकाचा मेंदू सामान्यरूपामागचा मूळ शब्द आपोआप ओळखून घेतो.

मात्र जो शब्द स्वतः चौकटीत जात नाही, ज्याचा फक्त पर्यायी शब्द जातो, त्याला प्रत्यय लावायला काहीच हरकत नसते. आणि मग हाच प्रत्यय कोडेकाराचे हत्यार होतो :

मद्यालयात जा, तीच खरेदीची जागा (३)

मद्यालय म्हणजे ‘बार’. त्याच्या आत ‘जा’ ठेवा : बा-जा-र. ‘आत ठेवा’ हे सांगायला वेगळा शब्द लागलाच नाही, सप्तमीच्या ‘त’ने ते काम केले, आणि ‘जा’ हे वरवर पाहता नुसते आज्ञार्थी क्रियापद वाटत असल्यामुळे तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. अनुनासिक यांच्या ‘बादशहाचे डोके’मध्ये षष्ठी चालते तीही याच कारणाने, तिथे ‘अकबराचे’ असे लिहिले असते तर सूत्र तिथेच कोसळले असते.

‘नवरा’बद्दल एवढेच म्हणेन की काना हलवायचा असेल तर तसे सूत्रात सांगावे, म्हणजे कडक बाजूचाही आक्षेप राहणार नाही. ‘काना हलला, नवरा बिथरला, माकड झाला (३)’ हे मला तर मूळच्यापेक्षा जास्त आवडते.

लेस्टरकर

उभे-आडवे यांनी उल्लेख केलेला ‘काका’ मीच. दोन व्यवहाराच्या गोष्टी.

बक्षिसाच्या कोड्याचे परीक्षण प्रवेशिकांची मुदत संपेपर्यंत कधीही टाकू नये. इकडे शनिवारच्या कोड्याबाबत हा संकेत काटेकोरपणे पाळला जातो आणि मुदतीआधी कोणी एखाद्या सूत्राची नुसती दिशा जरी सुचवली तरी लोक रागावतात. रोजच्या कोड्याचे परीक्षण त्याच दिवशी टाकले तरी चालते, पण शीर्षकात उत्तर येता कामा नये, कारण पुष्कळ जण रात्री जेवणानंतर कोडे हातात घेतात.

मांडणी एकदा ठरवून घ्या आणि बदलू नका. मी सूत्र पूर्ण उतरवतो, व्याख्येखाली रेघ मारतो, मग उत्तर, मग फोड. कोणत्या अक्षरांची उलथापालथ केली आहे ते तारांकित करतो, एका शब्दाच्या पोटात दुसरा असेल तर कंस वापरतो, गाळलेले अक्षर चौकोनी कंसात टाकतो. किती मिनिटे लागली ते मी लिहीत नाही. ‘टाइम्स’ सोडवणाऱ्यांमध्ये वेळ नोंदवण्याची मोठी हौस आहे, पण नवशिक्यांच्या गटात त्यामुळे लोक गप्प होतात.

आणि एक. कोडेकार परीक्षणे वाचतात. इकडे तर ते खाली येऊन उत्तरही देतात. त्यामुळे ‘हे सूत्र भिकार आहे’ असे लिहिण्याऐवजी कोणता शब्द कुठे अडतो ते लिहावे. त्यावर त्यांना काही म्हणता येते.

उभे-आडवे

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुम्ही इथेही आहात हे माहीत नव्हते, आता जपून लिहिले पाहिजे.

गटातल्या एका मराठी कोड्याचे परीक्षण वरच्या सूचनांप्रमाणे लिहून पाहिले आहे. त्यातली वादाची पाच सूत्रे इथे देतो, फोड आणि मत दोन्ही तपासावे.

आडवे : *पहिला सूर, मग चांदणी, कंदी पेढ्यांचे गाव (३)*. सातारा. सा आणि तारा शेजारी शेजारी. व्याख्या शेवटी, ‘मग’ने क्रम सांगितला आहे. सोपे, पण स्वच्छ. कोड्याच्या सुरुवातीला असे एखादे सूत्र असावेच, म्हणजे नवख्याचा हात बसतो.

आडवे : *वर चढणारी नदी गरीब (२)*. दीन. ‘नदी’ची दोन अक्षरे उलट क्रमाने. इथे माझा आक्षेप आहे. ‘वर चढणारी’ ही खूण उभ्या शब्दासाठी योग्य ठरते, कारण तिथे अक्षरे वरून खाली लिहिली जातात आणि उलटा शब्द खालून वर चढतो. आडव्या शब्दात चढायला जागाच नाही. ‘उलटी वाहणारी नदी गरीब’ असे केल्यास सूत्र दोन्ही दिशांना चालेल, आणि ‘नदी’ला प्रत्यय लागलेला नसल्यामुळे रविवारची पुरवणी यांचीही अट पाळली जाते.

आडवे : *सामान्य दरवाजा म्हणजे लोकप्रतिनिधी (४)*. आमदार. आम आणि दार. मला हे पसंत पडले, परंतु गटातल्या एकीचे म्हणणे असे की शब्द जिथे मुळातच जोडलेला आहे त्याच सांध्यावर तोडण्यात कोडेकाराचे कौशल्य काय?

उभे : *काट्यांवर चालते, पण पाय रक्ताळत नाहीत (३)*. घड्याळ. यात वेगळा शब्दखेळ नाही, संपूर्ण सूत्र म्हणजे एक फसवी व्याख्या आहे. वाचून हसू आले. तरीही अशा सूत्रात उत्तर पडताळून पाहायला दुसरा मार्ग नसतो, म्हणून एका कोड्यात दोन-तीनपेक्षा जास्त असू नयेत असे लिहिले आहे. या कोड्यात सात होती.

उभे : *देवाने दिलेला नवरदेव (२)*. वर. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवले आहेत, ‘देवाने दिलेला’ तो वर आणि लग्नाच्या मांडवातला तो वर. माझ्या मते कोड्यातले सर्वोत्तम सूत्र.

रविवारची पुरवणी

परीक्षण नीटस उतरले आहे. ‘दीन’वरचा आक्षेप अगदी बरोबर. मराठी कोडेकार आडवे-उभे पाहून खुणा निवडत नाहीत, कारण सूत्रे आधी वहीत रचली जातात आणि चौकट नंतर आखली जाते. इंग्रजी कोड्याची चौकट पंधरा बाय पंधराची, अर्ध्या फेऱ्यात फिरवली तरी काळी घरे जागच्या जागी राहतील अशी असते, आणि बहुधा ती आधीच ठरलेली असते. म्हणून तिथे ही चूक क्वचित दिसते.

‘आमदार’बद्दल तुमच्या गटातल्या बाईंच्या शंकेत तथ्य आहे, पण इथे ‘दार’चा अर्थ बदलला आहे. मूळ शब्दात तो फारसीतला प्रत्यय आहे. सूत्रात मात्र आपल्या घराचा दरवाजा. सांधा तोच असला तरी तुकडा दुसऱ्या अर्थाने वापरला, एवढे कौशल्य मला पुरते. ‘वारकरी’तही तेच आहे. तिथे वारी करणाऱ्याचे तुकडे दिवस आणि हत्ती होऊन आले, त्यामुळे तो सांधा कोणाला दिसलासुद्धा नाही.

अनुनासिक

फसव्या व्याख्या सात म्हणजे फार झाल्या, हे परीक्षणात स्पष्ट लिहिलेत ते योग्यच. त्यातही ज्यांना आडव्या शब्दांतून एकच अक्षर मिळत होते अशा किती होत्या, तेही मोजून लिहा. निम्म्याहून कमी अक्षरे पडताळता येत असतील तर दोष सूत्राचा कमी आणि चौकटीचा जास्त, आणि कोडेकाराला तो सुधारणे सोपे जाते. तीन अक्षरी शब्दाला मधले एकच अक्षर मिळाले आणि सूत्र फसव्या व्याख्येचे असले, तर सोडवणाऱ्याने करायचे तरी काय? ‘घड्याळ’च्या बाबतीत मधला ‘ड्या’ मिळत असेल तर प्रश्न मिटतो, कारण ‘ड्या’ मध्ये असलेले तीन अक्षरी शब्द फार नाहीत. मिळणारे अक्षर पहिला ‘घ’ असेल तर मात्र घरटे, घटना, घमेले असे हवे तेवढे शब्द रांगेत उभे राहतात.

‘वर’च्या सूत्राला तुम्ही सर्वोत्तम म्हटले आहे, तिथे थोडे थांबावे लागेल. ‘नवरदेव’ हा शब्द पुन्हा वाचा : न-व-र-दे-व. उत्तर त्याच्या पोटात उघडे पडले आहे, आणि तेही योगायोगाने नव्हे. ‘नवरा’ आणि ‘वर’ एकाच घरातले शब्द आहेत. दोन अर्थ शेजारी ठेवण्याच्या प्रकारात शब्द छापलेला दिसणे हे दुहेरी नुकसान आहे : ज्याला दिसले त्याला कोडे उरत नाही, आणि ज्याला ते दडलेल्या शब्दाचे सूत्र वाटले तो ‘आत’सारखी खूण शोधत बसतो. ‘देवाने दिलेला पती (२)’ असे केले तर वरवरचा अर्थ तितकाच खट्याळ राहतो आणि ही गळती बंद होते. इथे ‘पती’ला ‘वर’ म्हणणे थोडे ताणलेले आहे हे मला दिसते. लग्न लागेपर्यंतच तो वर, त्यानंतर पती, असे कोणी म्हणेल. पण वधू-वर, योग्य वर अशा वापरात तो अर्थ इतका जवळ आहे की मी परीक्षक असतो तर प्रश्नचिन्ह लावले नसते.

व्याख्येच्या दिशेकडेही लक्ष ठेवा, कारण तुमच्या पाच सूत्रांत तो प्रसंग आला नाही, तरी पुढे येईल. ‘फूल’ म्हणून ‘कमळ’ शोधायला लावणे न्याय्य आहे, कारण प्रत्येक कमळ हे फूलच असते. ‘कमळ’ म्हणून ‘फूल’ शोधायला लावणे तसे नाही, कारण फुले शेकडो. अशा वेळी कोडेकाराने ‘उदाहरणार्थ’, ‘असे काहीतरी’ किंवा निदान एक प्रश्नचिन्ह द्यावे अशी रीत आहे. ‘कलम मोडले की फूल (३)’ या सूत्रात ‘फूल’ दिले आहे आणि उत्तर ‘कमल’ आहे, म्हणून ते चालते. हेच उलटे करून कोणी ‘कमल मोडले की लेखणी’ असे लिहिले तर तेही चालेल, ‘लेखणी’ आणि ‘कलम’ समानार्थी असल्यामुळे. पण ‘कमल मोडले की हापूस’ असे लिहून ‘कलम’ मागितले, तर ते अडेल. हापूसची कलमे लावतात हे खरे, परंतु कलम म्हटले की हापूसच असे नाही.

लेस्टरकर

‘हापूस’च्या सूत्राला प्रश्नचिन्ह जोडले तर मी ते स्वीकारीन. ‘कमल मोडले की हापूस? (३)’. इथल्या मंगळवारच्या कोड्यात याहून सैल सूत्रे येतात.

उभे-आडवे, मराठी कोड्यांच्या बाबतीत माझी एक सूचना गटापुढे ठेवावी. ‘मात्रा अक्षराबरोबरच हलेल’ किंवा ‘मात्रा सुटी आहे’ यांपैकी जो नियम असेल तो कोड्याच्या डोक्यावर एका ओळीत छापावा, आणि ऱ्हस्व-दीर्घ भेद आडव्या-उभ्या छेदात पाळला आहे की नाही तेही तिथेच सांगावे. पुष्कळ मराठी कोड्यांत आडव्या शब्दाला ‘दि’ हवा असतो आणि उभ्याला ‘दी’, आणि दोन्ही एकाच चौकटीत गुण्यागोविंदाने बसवलेले असतात. ते चालवून घ्यायचे की नाही हे गटाने ठरवावे. पण ठरलेले आधी छापलेले असले, तर परीक्षकाला त्यावर दर आठवड्याला नवा वाद घालावा लागणार नाही. येत्या रविवारी माझी पाळी आहे, तेव्हा ते ठरले असेल तर बरे.